शिदोरीतली मुशी

आधीच सांगून टाकलेलं बरं की मुशी सापडली. शाबूत सापडली, पोटातल्या पिल्लांसकट सापडली. नाहीतर ऐकणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागतो, आणि त्या दिवशी एकट्या निर्मलाबाईचा लागला होता तेवढा सगळ्या गावाला पुरून उरला असता. आता कधी विषय निघाला तर ती पदराआड हसते. पण त्या सकाळी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, हेही तितकंच खरं.

मुशी म्हणजे काय, हे आमच्या लाखांदूरकडे कोणाला विचारून उपयोग नाही. इकडच्या माणसाला मासोळी ठाऊक आहे ती तळ्याची आणि बोडीची, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याची. मरळ, रोहू, फार तर झिंगे. समुद्र इथून इतका लांब की बहुतेकांनी तो मोबाइलवरच पाहिलेला. सिनेमात तो शार्क मासा माणसं खातो ना, त्याच्याच गोतातली ही मुशी. पण गोत मोठं आणि ही गरीब नातेवाईक. वीतभर लांब, काळी, पाठीवर दोन काटे. राहते इतक्या खोल पाण्यात की तिथं ऊन कधी पोचतच नाही, आणि त्या अंधारात तिचं पोट काजव्यासारखं मंद उजळतं म्हणतात. मुशीच्या जाती पुष्कळ आहेत. त्यातली ही जात तर अशी की जगात आजवर हाती लागली ती चार-दोन डोकी, आणि तीही सगळी नर.

हे सगळं निर्मलाबाईचा नवरा केवळराम याच्या घरात आलं ते सुनेमुळे. सून तेजस्विनी ही पवनीच्या विणकर घरातली. बाप लक्ष्मणराव हातमागावर लुगडी विणतो, आई मंदाबाई कांड्या भरते, आणि पोरगी शिकली काय तर मासोळ्या. तेही घरातला माग सोडून पार केरळात, कोल्लमच्या बंदरात. नवरा नीलेश नागपुरात बँकेत. गावातल्या रिकामटेकड्यांनी लगेच जोडून टाकलं, नवरा नागपुरात, बायको समुद्रात आणि संसार मोबाइलात. केवळरामही सोयरीक जमताना कुरकुरलाच होता. तेव्हा निर्मलाबाईनं त्याला एका वाक्यात गप्प केलं होतं, "पोरगी शिकून राहिली, चोरी नाही करून राहिली." सून तिनं भांडून आणली होती. म्हणून सुनेचं काही वाकडं झालं तर सगळ्यात आधी आपलीच मान खाली जाईल, हे ती जाणून होती.

लग्न वैशाखात झालं आणि पोरगी लगेच कामावर गेली. आता दिवाळी झाली, धान कापून झालं, गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या. मंडईला लेकीसुनांनी यायचं असतंच. तेजस्विनी आधी पवनीला माहेरी उतरली, तिथून एसटीनं लाखांदूर, आणि लाखांदूरहून नीलेशच्या गाडीवर मागं बसून ऐन मंडईच्या संध्याकाळी घरी आली. हातात दोन थैल्या. एक कपड्यांची. दुसरी शिदोरीची.

आता ही शिदोरी नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळा घोळ तिथंच झाला. सून पहिल्यांदा माहेराहून आली की आईनं दिलेला खाऊ घेऊन येते, त्याला शिदोरी म्हणतात. ती भावकीच्या घरोघरी वाटायची. केवळरामच्या भावकीत तिच्या तीन रीती. दुसऱ्या दिवशी चूल पेटायच्या आत शिदोरी घराबाहेर पडली पाहिजे, ही पहिली. सासूनं डबे उघडून बघायचे नाहीत, ही दुसरी, कारण विहिणीचा डबा उघडणं म्हणजे तिचा हात किती सैल आणि किती आखडता ते मोजणं. आणि ज्याच्या घरी डबा गेला त्यानं तो रिकामा परत करायचा नाही, ही तिसरी. निदान चार वांगी तरी घालायचीच.

निर्मलाबाईनं आपल्या वाट्याच्या दोन्ही रीती पाळल्या. तिथंच फसली.

पहाटे ती उठली तेव्हा घर झोपलेलं होतं. रात्री गावात दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, झाली होती, सगळे उशिरा आडवे झाले होते. तिनं थैली उघडली. भंडाऱ्याच्या बाजारातले स्टीलचे कडीचे डबे, सगळे एका मापाचे, प्रत्येकावर कोरून घातलेलं नाव, सौ. मंदाबाई. विहिणीचा थाट पाहून तिला बरं वाटलं. मोजले तर सात निघाले. शिदोरी जायची ती घरं मात्र सहा.

घरं खरं तर सातच होती. सातवं घर चंद्रभागाबाईचं, तळ्याच्या पाळीला लागून. ती निर्मलाबाईची चुलत जाऊ, वयानं मोठी, नवरा कधीचा वारलेला, एकटी राहणारी. पण त्या घराशी बोलणं बंद होतं.

कारण सांगायला लाज वाटावी असं होतं. भावकीची एक सामायिक बोडी आहे. उन्हाळ्यात ती आटली की मासोळी धरतात आणि घरटी वाटे लावतात. एका वर्षी हातभर मरळ निघाली आणि ती पडली नेमकी केवळरामच्या वाट्यात. वाटे लावणारा केवळरामच होता. चंद्रभागाबाई बोलली, निर्मलाबाई उलटून बोलली, आणि बोलता बोलता तिच्या तोंडून 'झिंगेवाली' निघून गेलं. हे नाव गावानं चंद्रभागाबाईला ती नवी नवरी असताना ठेवलं होतं. तिच्या बापाजवळ काही नव्हतं, म्हणून त्यानं पोरीच्या पहिल्या शिदोरीला वाळलेले झिंगे बांधून दिले होते. गाव तेव्हा हसलं आणि तिचे केस पिकले तरी हसायचं थांबलं नाही. भावकीतलं मात्र कोणी ते नाव तोंडावर घेत नसे. त्या दिवशी निर्मलाबाईनं घेतलं. चंद्रभागाबाई आपला वाटा तिथंच टाकून निघून गेली. ती मरळ शेवटी मांजरानं खाल्ली, आणि भांडण मात्र दोघींनी जपून ठेवलं.

आता सातवा डबा हातात घेऊन निर्मलाबाई विचारात पडली. विहीणबाईला भांडण माहीत नाही, तिनं सात घरं ऐकली आणि सात डबे भरले. आलेला डबा आपल्याच घरात ठेवून घेणं बरं दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर तिला निमित्त हवंच होतं. मन केव्हापासून खात होतं, पण आपण होऊन पाऊल उचलायला जड जात होतं. डबा इतरांपेक्षा हलका लागला. तिला वाटलं, मंदाबाईचे लाडू संपले असतील, चिवडा भरला असेल. सहा घरी डबे देऊन झाल्यावर ती तळ्याकडे वळली, चंद्रभागाबाईच्या ओट्यावर डबा ठेवला, कडी वाजवली आणि दार उघडायच्या आत भरभर परत फिरली. समोरासमोर यायची हिंमत झाली नाही.

घरी आली, चूल पेटवली, चहा ठेवला. मन हलकं झालं होतं. तेवढ्यात तेजस्विनी उठून आली आणि थैलीत हात घालून काहीतरी शोधू लागली.

"आई, याच्यातला एक डबा कुठं ठेवला तुम्ही? तळाशी होता तो."

"वाटले ना बेटा सगळे. चूल पेटायच्या आधीच."

पोरगी ओरडली नाही. ती नुसती चुलीसमोर खाली बसली, आणि तिचा चेहरा पाहून निर्मलाबाईच्या हातातला चहाचा कप कलंडला.

मग सगळं बाहेर आलं. ती मुशी तेजस्विनीला कोल्लमच्या बंदरावर सापडली होती. खोल समुद्रातले झिंगे धरणारे ट्रॉलर येतात, झिंगे वेचून घेतात, आणि उरलेली बारीकसारीक मासोळी खतासाठी ढिगात लोटतात. त्या ढिगात ती पावसात, उन्हात हात घालून बसायची. चार वर्षं बसली. आणि एके दिवशी ढिगातून ही मादी निघाली, पोट भरलेली. एक्स-रे काढला तर आत चार पिल्लं. या जातीची मादी कोणी पाहिली नव्हती. ही मुशी अंडी घालते की पिल्लं देते, हेही कोणाला सांगता येत नव्हतं. आता ती कोलकात्याच्या संग्रहालयात नेऊन द्यायची होती. तिथले जाणकार तिला हातात घेऊन तपासणार, मगच तेजस्विनीचं काम पक्कं धरलं जाणार. नुसत्या फोटोवर कोणी विश्वास ठेवत नाही. वरठीच्या स्टेशनावरून दुसऱ्या दिवशी सकाळी हावड्याची गाडी होती. मुशी स्पिरिटात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेली होती. तिचा प्लास्टिकचा डबा प्रवासात तडकला, म्हणून पवनीला आईनं आपल्या संचातला एक डबा दिला. थैलीत नीट उभा राहावा म्हणून तो शिदोरीखाली ठेवला, आणि घरी आल्यावर मंडईच्या गर्दीत काढायचा राहून गेला.

"चूक माझीच आहे, आई," ती म्हणाली. "मी रात्रीच सांगायला पाहिजे होतं."

त्यानं निर्मलाबाईला आणखीच कसंतरी झालं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हे सगळं पोरीनं फोनवर तिला आधीही सांगितलं होतं, आणि ती चुलीवरचं बघत हो-हो म्हणत राहिली होती. आता मात्र तिला एकच दिसत होतं. भावकीतल्या एका घरात बाईनं डबा उघडला असेल, फडकं सोडलं असेल आणि नाक दाबून आतला जिन्नस उकिरड्यावर फेकला असेल. शिवाय ती तिसरी रीत होतीच, डबा भरून परत द्यायचा. भरायचा म्हणजे आधी रिकामा करायचा.

"उठ," ती म्हणाली. "घरं सातच आहेत."

जाता जाता तिनं सुनेला बजावलं, मासोळीचं नाव काढायचं नाही. शिदोरीत मासोळी आली म्हटलं की लोकांना वर्षभराचा चारा मिळेल. विचारायचं एवढंच की डब्यात काय निघालं, आणि सांगायचं की पोरीच्या कॉलेजचं सामान एका डब्यात चुकून गेलं.

पहिलं घर सेवकरामचं. तिथं लाडू निघाले होते, अर्धे खाऊनही झाले होते, आणि डब्यात तांदळाचे पापड भरून तयार होते. दुसऱ्या घरी लाडू, वर मंदाबाईच्या हाताचं कौतुक, वर चहाचा आग्रह. मारोतरावाच्या घरी लाडू कडक लागले अशी तक्रार, आणि डब्यात वाल. चौथं घर कामिनीचं. ही केवळरामच्या चुलत भावाची बायको, स्वभावानं वाईट नाही, पण तिच्या कानावर गेलेली गोष्ट कधी एकटी परत आली नाही. डबा हरवला म्हटल्यावर तिला एवढा हुरूप आला की तिनं हातातलं काम टाकलं आणि पुढच्या घरांना स्वतः सोबत निघाली. पाचव्या घरातून दोघी आणखी लागल्या. सहाव्या घरी लाडू निघाले तेव्हा मागं चांगली आठ-दहा माणसांची वरात झाली होती, आणि निर्मलाबाईच्या हातात सहा भरलेल्या डब्यांचं ओझं.

उरलं एकच घर.

तळ्याच्या वाटेला लागल्यावर निर्मलाबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मासोळीच्या वाट्यावरून जिच्याशी भांडण झालं, तिच्याच ओट्यावर आपण काहीएक न बोलता डबा ठेवून आलो. आणि त्या डब्यात काय, तर एक वीतभर, काटेरी, मेलेली मासोळी. घे तुझा वाटा, असंच म्हटल्यासारखं झालं. याहून घाण टोमणा गावात कोणी कोणाला मारला नसेल. चंद्रभागाबाईनं तो डबा तळ्यात भिरकावला असेल तर तिची चूक म्हणता आली नसती. सुनेची चार वर्षं पाण्यात गेली आणि ती आपल्या जिभेनं घालवली, हे तिला पुरतं पटलं. तिथून पळून जावंसं वाटलं. पण मागं पोरगी चालत होती, आणि तिनं सासूच्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं. धरलंय हे तिला स्वतःलाही कळलं नसावं.

चंद्रभागाबाई ओट्यावरच बसली होती. तिनं आधी निर्मलाबाईकडे पाहिलं, मग तेजस्विनीकडे, मग मागच्या वरातीकडे. वरातीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

निर्मलाबाईनं सगळं बळ एकवटून विचारलं. इतक्या वर्षांत ती तिच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"बाई, डब्यात काय निघालं तुमच्या?"

"लाडू," चंद्रभागाबाई म्हणाली. "बरे होते."

"डबा..."

"घासून धाडीन." आणि ती उठून आत गेली. दार लागलं.

झालं. सातही घरी लाडू. कामिनीनं तिथल्या तिथं निकाल दिला की डबा एसटीतच राहिला असणार. कोणी म्हणालं, कुत्र्यानं ओढून नेला असेल. दोघं पाळीखालच्या झुडपांत डोकावून आले. मग चहाची वेळ झाली आणि वरात पांगली.

घरी येऊन तेजस्विनीनं मंदाबाईला फोन लावला. लाडवांचे डबे सहाच भरले होते. मग सातवीकडे लाडू आले कुठून? निर्मलाबाई कपाळाला हात लावून परसात बसली. लाडू नव्हतेच तर बाई खोटं बोलली. खोटं बोलली म्हणजे वस्तू फेकून झाली. केवळराम विचारायला आला तर तिनं त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. तेजस्विनीनं कोलकात्याला सांगण्यासाठी दोनदा मोबाइल उचलला आणि दोनदा खाली ठेवला. शेवटी तीही सासूशेजारी येऊन धान वाळवायच्या ताडपत्रीवर बसली. पोरगी रडत होती, आणि निर्मलाबाईला तिच्या पाठीवर हात ठेवायचाही धीर होत नव्हता.

ऊन कलायला लागलं तेव्हा परसदाराची ताटी सरकली. पदराखाली काहीतरी धरून चंद्रभागाबाई आत आली. पुढच्या दारानं नाही, मागच्या दारानं, भाजीच्या वाफ्यांतून वाट काढत. ती दोघींसमोर बसली आणि पदराखालचा डबा ताडपत्रीवर ठेवला. कडी लावलेली, झाकणावर वरून घट्ट चिंधी बांधलेली.

तेजस्विनीनं चिंधी सोडली. कडी घट्ट बसली होती, लवकर निघेना. निघाली, फडकं उलगडलं आणि काळी, काटेरी, हिरवट डोळ्यांची मुशी जशीच्या तशी तिथं होती. तिनं काट्यांना बोट लावलं, पोट चाचपलं, फडकं ओलं आहे का ते पाहिलं. ओलं होतं. मग ती एकदम हसायलाच लागली आणि डोळे गळतच राहिले. निर्मलाबाईचा जीव असा भांड्यात पडला की तिला मागं भिंतीला टेकावं लागलं.

"तुमी तं लाडू म्हटलं, बाई," ती कशीबशी म्हणाली.

"मंग काय म्हणू? माघं अर्धं गाव उभं होतं. त्याइच्यासमोर सांगू का, का नव्या सुनेच्या पहिल्या शिदोरीत मेलेली मासोळी निघाली? जलमभराचं नाव पडलं असतं पोरीले."

निर्मलाबाईची मान खाली गेली. ते नाव दोघींच्या मधे येऊन बसलं होतं, आणि दोघींपैकी कोणी ते उच्चारलं नाही.

मग चंद्रभागाबाईनं हळूहळू सांगितलं. डबा उघडल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. आपल्याला चिडवायला टाकला असंच तिला वाटलं, आणि तो तसाच निर्मलाबाईच्या दारात नेऊन आपटायला ती निघालीही होती. ओट्याच्या पायरीवर डब्यावरचं नाव दिसलं. डबा पवनीच्या विहिणीचा. टोमणे मारायला कोणी विहिणीचा डबा वापरत नाही. मग वास आला, सुई टोचायच्या आधी नर्सबाई कापूस फिरवते तो. मेलेल्या मासोळीला कोणी एवढं दवापाणी करून फडक्यात गुंडाळत असेल तर ती कोणाच्या तरी जिवाची असणार. आणि तिचं ते पोट दिसलं.

"पोटुशी आहे ना वो ते?" तिनं तेजस्विनीला विचारलं.

"हो. चार पिल्लं आहेत पोटात."

"वाटलंच मले."

मांजर वासानं घिरट्या घालत होतं, म्हणून तिनं फडकं परत तसंच गुंडाळलं, डबा बंद केला आणि शिंक्यात टांगून ठेवला. दिवसभर त्याच्यावर नजर ठेवून बसली. ओट्यावर बसली होती तीही दुसऱ्या कोणाच्या नजरेला डबा पडू नये म्हणून. वरात पांगायची वाट पाहिली, कामिनी आपल्या घरात शिरलेली पाहिली, मगच निघाली.

बोलून झालं तरी ती उठली नाही. कमरेची पिशवी काढून हातात चाचपत बसली. निर्मलाबाईनं विचारलं तेव्हा ती जरा लाजली.

"डबा रिकामा देत नसतात. अन् हा तं भरलेलाच. सकाळपासून इचार करून राहिली, याच्यात भरू काय." तिनं पिशवीतून एक खण काढला. त्यात मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळदीची पुडी होती. "पोटुशी बाई एवढ्या लांब जाऊन राहिली तं ओटी भरून धाडा लागते. पण माह्या हातानं चालत नाही. तू भर."

तिनं खण निर्मलाबाईपुढं धरला. विधवेनं ओटी भरायची नसते, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. नवऱ्याच्या मागं चंद्रभागाबाईला कोणी अशा कामाला बोलावलं नव्हतं. निर्मलाबाईनंही कधी बोलावलं नव्हतं. आपल्या नीलेशच्या लग्नात तर तिच्या दाराला निमंत्रणाची अक्षतही लावली नव्हती.

निर्मलाबाईनं खणाला हात लावला नाही. तिला माफी मागायची होती. मग तिनं सुनेला सांगितलं, ओढणी पसर आणि डबा त्यात घेऊन बस.

"तुमीच भरा, बाई," ती म्हणाली. "तुमीच वाचवली तिले. दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही."

चंद्रभागाबाईनं खण परत मांडीवर घेतला. नंतर तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, डब्याच्या झाकणाला हळदीचं बोट लावलं आणि ओढणीत तांदूळ घातले. चार दाणे खाली सांडले. ते कोंबडीनं टिपले. तेजस्विनीनं वाकून तिच्या पाया पडून घेतलं, आणि तेवढ्यात केवळराम परसात आला. समोरचा देखावा पाहून त्याला काही कळलं नाही, पण शहाणपणानं तो काही न विचारता आल्या पावली परत गेला. तिघी हसायला लागल्या. चंद्रभागाबाई हसते कशी, हे निर्मलाबाई विसरूनच गेली होती.

दुसऱ्या दिवशी नीलेशनं बायकोला वरठीला सोडलं. डबा तिनं मांडीवर घेतला, थैलीत ठेवलाच नाही. खणाचं गाठोडं डब्यालाच बांधलेलं होतं.

तीन-चार दिवसांनी फोन आला. मुशी पोचली होती. तिथल्या म्हाताऱ्या साहेबांनी भिंग लावून लावून पाहिली, आणि पिल्लं चारही नीट असल्याचं सांगितलं. अंडी नाही, पिल्लंच देते ही जात, हे आता पक्कं झालं. डब्याला हळद आणि तांदूळ कसे, असं त्यांनी विचारलं होतं. तेजस्विनीनं सांगितल्यावर त्यांनी ते गाठोडं फेकायला दिलं नाही.

निर्मलाबाईनं मोबाइल ठेवला आणि वाटीत वालाची भाजी काढून वर झाकण घातलं. केवळरामनं विचारलं कुठं, तर ती थांबली नाही. कामिनीच्या घरावरून, मारोतरावाच्या ओट्यासमोरून, भर गावातून ती तळ्याकडे गेली आणि चंद्रभागाबाईच्या पुढच्या दारात उभी राहिली.

"बाई, पोचलं बरं सगळं. नीट पोचलं."

कामिनी मागोमाग आलीच होती. तिनं कान टवकारून विचारलं, काय पोचलं?

आतून चंद्रभागाबाईचा आवाज आला.

"लाडू."